कानामागून आले आणि कानात बसले

कान हा मूळचा दुसऱ्यांच्या उपयोगासाठी दिलेला अवयव. मास्तरांनी तो पिळायचा, सोनाराने टोचायचा, शेजाऱ्यांनी भरायचा आणि हितचिंतकांनी फुंकायचा. ज्याचा कान त्याने तो स्वतःच्या चैनीसाठी वापरावा, तोही शेजारी बसलेल्याला सुगावा लागू न देता, ही कल्पना त्या मानाने नवी. किती नवी, याबद्दल मात्र आमच्या घरात मतभेद आहेत. नातवाच्या मते ती २००१ साली आयपॉडबरोबर जन्माला आली. त्याच्या इतिहासाची पहिली इयत्ताच तिथे सुरू होते. त्याच्या आधीच्या काळात शिवाजी महाराज, लोकमान्य आणि त्याचे आजोबा असे आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलेले असतो.

वस्तुस्थिती अशी आहे की कानाच्या भोकात बसणाऱ्या इअरफोनचं पेटंट १८९१ सालचं आहे. एर्नेस्त मर्काद्ये नावाच्या फ्रेंच तारयंत्र-इंजिनिअरने ते अमेरिकेत घेतलं. नाव ठेवलं ‘बाय-टेलिफोन’. दोन छोटे रिसीव्हर, वजन पावणेदोन औंसांच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम पन्नास ग्रॅम, आणि कानाला घासू नयेत म्हणून त्यांना रबराची टोपडी. आज दुकानदार लहान-मध्यम-मोठी अशी जी रबरी टोपडी पुडीत बांधून देतो, ती त्या मर्काद्येची. त्या साली इकडे पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून सुधारक आणि सनातनी एकमेकांच्या कानठळ्या बसवत होते. कानात काहीतरी घालायची खरी गरज त्या वेळी पॅरिसपेक्षा सदाशिव पेठेला जास्त होती. पण शोध नेहमी चुकीच्या गावात लागतात.

पॅरिसला कानात घालून ऐकायला काय होतं? तर ऑपेरा! रेडिओ यायला अजून बराच अवकाश होता, पण क्लेमाँ आदेर या गृहस्थाने १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात ऑपेराच्या रंगमंचावर ट्रान्समीटर बसवले आणि तारेवरून गाणं प्रदर्शनाच्या इमारतीत आणून सोडलं. दोन कानांना दोन रिसीव्हर. त्यामुळे गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला की आवाजही चालत जाई. व्हिक्टर ह्यूगो म्हातारपणी ते ऐकून आला आणि खूश झाला. पुढे १८९० मध्ये त्याची कंपनी निघाली, ‘थिएट्रोफोन’ नावाची, आणि पॅरिसमध्ये नाणं टाकून गाणं ऐकायची यंत्रं बसली. पन्नास सांतीम टाका, पाच मिनिटं ऐका. पाच मिनिटांत आमच्याकडे तंबोरेदेखील लागत नाहीत! आपल्याकडे ही योजना आली असती तर रसिकाचे पाच रुपये जुळवाजुळवीत आणि पुढचे पाच बुवांच्या खाकरण्यात गेले असते. फ्रेंचांनी मात्र ती थेट १९३२ पर्यंत चालवली. मार्सेल प्रूस्त हा लेखक तर घरात वर्गणीदार होता आणि अंथरुणात पडल्यापडल्या ऑपेरा ऐकायचा. काही लोकांना जन्मतःच सगळं कळलेलं असतं.

या इतिहासातला माझा सर्वांत आवडता माणूस मात्र अमेरिकेतल्या युटाचा नेथॅनियल बाल्डविन. या माणसाने स्वयंपाकघराच्या टेबलावर हेडफोन केले आणि १९१० मध्ये अमेरिकन नौदलाला जांभळ्या शाईत पत्र लिहून कळवलं की बघा वापरून. जांभळी शाई आणि कागद निळा-गुलाबी! आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात हे पत्र गेलं असतं तर आवक कारकुनानेच ते खाजगी म्हणून बाजूला ठेवलं असतं. नौदलाने ते वाचलं, हेडफोन लावून पाहिले आणि मागणी नोंदवली. तर हा म्हणाला, एका वेळी दहाच जमतील, कारण अजून सगळं स्वयंपाकघरातच चाललंय. पेटंट घे म्हणून सांगितलं तर म्हणे एवढ्याशा क्षुल्लक गोष्टीचं कसलं पेटंट! पुढे त्याने कारखाना काढला, पैसा मिळवला आणि १९२४ पर्यंत दिवाळंही निघालं.

बाल्डविनची ती ‘क्षुल्लक’ गोष्ट म्हणजे लोहचुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली लोखंडाची इवलीशी पट्टी. तिला म्हणतात बॅलन्स्ड आर्मेचर. तीच पुढे आणखी लहान होऊन बहिऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रात गेली आणि तिथून आजच्या महागड्या इअरफोनात आली. खोक्यावर हे नाव सोनेरी अक्षरांत छापून आपल्याकडून जास्तीचे पैसे घेतात, तो पदार्थ मूळचा युटाच्या त्या स्वयंपाकघरातला.

मधली वर्षं मी भरभर उरकतो. १९५८ मध्ये जॉन कॉस या अमेरिकनाने स्टिरिओ हेडफोन काढले, १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने पिवळ्या स्पंजचे उघडे हेडफोन काढले, आणि आमच्या वाड्याला यातलं काहीही कळलं नाही. वाड्यात होता तो काकांच्या ट्रान्झिस्टरचा इअरफोन. एकच. हस्तिदंती रंगाचा, पिळाच्या वायरचा. त्यातून येणारा आवाज म्हणजे काडेपेटीत कोंडलेली माशी इंग्रजी बोलते आहे असं वाटे. पण २३ ऑगस्ट १९७१ च्या संध्याकाळी ओव्हलवर चंद्रशेखर इंग्लंडला गुंडाळत होता, तेव्हा त्या माशीचा शब्द म्हणजे वेदवाक्य होतं. काका ओट्यावर बसलेले, वायर सदऱ्यातून कानात गेलेली, आणि सगळा वाडा त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा. काकांची उजवी भुवई वर गेली की विकेट. चंद्राने अडतीस धावांत सहा काढले, इंग्लंड एकशे एकात संपलं, आणि त्या सहाही विकेटी मी काकांच्या भुवईवर पाहिल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सामना जिंकला तेव्हा त्यांनी इअरफोन कानातून उपसला आणि ट्रान्झिस्टर मोठा करून कठड्यावर ठेवला. एका कानाची मालमत्ता सगळ्या वाड्याची झाली.

माणसाला एकट्याने ऐकायची लाज वाटते, हे जपान्यांनाही ठाऊक होतं. १ जुलै १९७९ ला सोनीचा पहिला वॉकमन आला, तेहतीस हजार येन किमतीचा. त्याला हेडफोन लावायला भोकं दोन होती! शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याशी बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी त्याचं कारण लिहून ठेवलं आहे. ते घरी नमुना लावून बसले तेव्हा त्यांच्या पत्नीला आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं आणि त्या रागावल्या. ते जपानी यंत्र मला एकदम आपल्या घरातलं वाटायला लागलं. महाराष्ट्रातल्या बायकांची एक सबंध पिढी नवऱ्याला हाक मारायची ती “अहो, ऐकलं का?” अशी. जिथे नवऱ्याचं नावच मुळी ‘ऐकलं का’ आहे, तिथे त्याच्या कानात बोळा बसवणारं यंत्र म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी. मोरितांनी नारिंगी बटणाने संसार वाचवला. पण गिऱ्हाईक लबाड. त्याला दुसरं भोक नको होतं, बटणही नको होतं. १९८१ च्या मॉडेलात ते बटण गेलंसुद्धा.

त्यानंतर हे यंत्र डोक्यावरून उतरलं आणि कानाच्या पाळीआड बसलं. १९९१ मध्ये एटिमॉटिक या अमेरिकन कंपनीने ते कानाच्या नळीत सारलं. मीड किलियन हा तिचा संस्थापक मूळचा श्रवणशास्त्रातला. भोक नीट बुजवलं तर बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आणि गोंगाट नसला तर गाणं हळू लावलं तरी पुरतं, असा त्याचा साधा हिशेब. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या ढोलवाल्यासाठी कानाच्या मापाचे इअरफोन घडवले. एवढी सगळी धडपड ऐकू येण्यासाठी नव्हती. जे ऐकू येतंय ते टिकण्यासाठी होती.

हे वाक्य मी हसत लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवून पीं-पीं ऐकवली आणि नंतर एक आलेख हातात दिला. डावीकडून निघालेली रेघ बरी चालली होती. तीन-चार हजार हर्ट्झच्या पुढे मात्र ती पर्वतीच्या पायऱ्यांसारखी उतरायला लागली होती. “वयाला धरून आहे,” डॉक्टर म्हणाले. “मशीन आज नको. पण गेलेलं परत येत नाही बरं का.” मी विचारलं, तंबोऱ्याची झणकार कुठे असते? त्यांनी पेन्सिलीने त्या उतारावर एक गोल काढला.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी लावतात, ती जवारी. तिच्यामुळे एका तारेतून एकावर एक असे वरचे सूर फुटत जातात. सी. व्ही. रामन यांनी नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी, १९२१ मध्ये, या तारांवर निबंध लिहिला होता. त्याच्या आदल्या वर्षी तबला-मृदंगाची शाई काय जादू करते त्यावर. एवढा मोठा माणूस तंबोऱ्यापुढे बसू शकतो, तर मी त्याच्यासाठी तपकीर गल्लीत एक दुपार घालवायला हरकत नव्हती. उरलेला कान चांगल्या कामाला लावावा म्हणून मी इअरफोन घ्यायचं ठरवलं. अंदाजपत्रक दीड हजार. पेन्शनीत त्यापुढचे सूर लागत नाहीत.

दुकानदार तरुण आणि उत्साही होता.

“काका, हा घ्या. एक्स्ट्रा बास. कानात डीजे आल्यासारखं वाटेल.”

“मला अमीर खाँसाहेब ऐकायचेत,” मी म्हटलं.

“आमिर खानची गाणीपण एक नंबर वाजतात काका यात!”

यात त्याचा काय दोष? इंदूरचे उस्ताद १९७४ मध्ये गेले, तेव्हा याचे वडील शाळेत असतील. पण इअरफोन घेताना जो प्रश्न विचारायचा असतो, तो त्याने नकळत विचारलाच होता: खान कोणता? बाकी सगळं त्याच्यावर आहे. खाँसाहेबांचा आलाप मंद्रात रमणारा. त्याला खालच्या सुरांत भरीवपणा हवा, पण घुमणारा बास आला की तो गळ्यावर चढून बसतो आणि खाँसाहेब रांजणात तोंड घालून गायल्यासारखे वाटतात. लावणीवाल्याने ढोलकीची थाप आणि घुंगरू सुटे ऐकू येतात का ते पाहावं. नव्या सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याने खुशाल बास घ्यावा. ती त्याच्यासाठीच बांधलेली असतात. आणि बालगंधर्वांच्या अगदी जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याने बासवर एक पैही खर्चू नये. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनने तबकडी भरायची कला येईपर्यंत गाणारा कर्ण्यापुढे गायचा. त्या कर्ण्यातून खालची घुमार आणि वरची झळाळी दोन्ही उतरतच नसत. जे भरलंच नाही ते वाढवून काय वाढणार? खरखर! त्या मंडळींना मधला पट्टा स्वच्छ आणि वरचा भाग सौम्य असा इअरफोन बरा. नुसत्या कथा आणि भाषणं ऐकणाऱ्याला सगळ्यात स्वस्त पुरतो. भाषणाला तर तोही जास्त होतो.

“याच्यात बघा, चार ड्रायव्हर आहेत,” दुकानदाराने दुसरं खोकं काढलं.

एसटीला एकच ड्रायव्हर असतो आणि ती सोलापूरला पोचते. स्वस्तात चार ड्रायव्हर घेण्यापेक्षा एक धड असलेला बरा, हे माझं ठाम मत आहे. ‘डायनॅमिक’ म्हणजे पडद्याचा छोटा लाउडस्पीकर. हजार-दीड हजारात तो उत्तम मिळतो. खोक्यावर लिहिलं होतं, चाळीस हजार हर्ट्झपर्यंत. धडधाकट पोराला वीस हजारांपर्यंत ऐकू येतं, माझ्या वयाला त्याच्या बरंच अलीकडे मौनव्रत सुरू होतं. चाळीस हजाराचं गिऱ्हाईक म्हणजे वटवाघूळ. ते तपकीर गल्लीत येत नाही. उलटी गंमत म्हणजे एका चिनी कंपनीचं नावच सेव्हन हर्ट्झ आहे. माणसाचा कान वीसच्या खाली ऐकत नाही, तेव्हा हे नाव त्यांनी कोणाला ऐकू जावं म्हणून ठेवलं कोण जाणे. पण २०२२ मध्ये त्यांनी वीस डॉलरच्या आसपास ‘झीरो’ नावाचा इअरफोन काढला आणि भल्याभल्या महागड्यांना घाम फोडला.

किमतीचं म्हणाल तर येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांचं मोजमाप छापलं. कुठले सूर किती उमटतात आणि किंमत किती, यांचा एकमेकांशी संबंध त्याला आढळला नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात हुंडा आणि स्वभाव यांचा जेवढा संबंध, तेवढाच. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या अमेरिकेतल्या दोघांनी तर श्रोत्यांना कुठला हेडफोन ते कळू न देता वर्षानुवर्षं ऐकवून आवडीनिवडी नोंदवल्या. निष्कर्ष असा की जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना एकच मध्यम चव आवडते. उरलेल्यांत जास्त बासवाले बहुतकरून तरुण पुरुष, आणि कमी बासवाल्यांत बायका आणि पन्नाशी ओलांडलेले. आमच्या घरी एक रविवार काढला असता तर त्यांचा बराच खर्च वाचला असता.

पण खरी गोम पुढेच आहे. इअरफोन कितीही चांगला असला तरी टोपडं मापाचं नसेल तर बास गळतो, फुटक्या माठातून पाणी गळावं तसा. डग्ग्याचा ठोका ऐकत ऐकत बोटाने इअरफोन किंचित दाबायचा. ठोका एकदम भरला, म्हणजे टोपडं लहान आहे. देवाने दोन्ही कान एकाच साच्यातून काढलेले नसतात. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागतं आणि उजव्याला मोठं. शिवाय खाताना तो कानात ठेवू नये. बुजलेल्या कानात चिवडा खाल्ला तर पानशेतचं धरण फुटल्यासारखा आवाज येतो. वायर सदऱ्याला घासली तरी खसखस ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे ती कानावरून मागे घ्यायची. आमचे आजोबा दिवसातून अनेकदा जानवं ज्या सराईतपणे कानावर चढवत, ती कला घराण्यातून माझ्यापर्यंत आली आहे, त्यामुळे दुकानदार चकित झाला.

“बिनवायरचा का नाही घेत काका?”

२०१६ मध्ये आयफोनने वायरीचं भोक बुजवलं, तेव्हापासून सगळं जग बिनवायरचं व्हायला निघालं आहे. पण दीड हजारांतले किती पैसे बॅटरीला जाणार आणि किती गाण्याला, हा हिशेब मला कळतो. शिवाय बॅटरी दोन-चार वर्षांत म्हातारी होते. घरात म्हातारं एक पुरे. फोनला भोक नव्हतं म्हणून वर एक छोटी जोडणी घेतली आणि सगळं मिळून पावणेतेराशेत परत आलो.

नातवालाही त्याच रांगेतला एक घेऊन दिला. तो बसमध्ये उघडे इअरफोन लावून इंजिनाच्या वर आवाज चढवतो. ऐंशी डेसिबल आठवड्याला चाळीस तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना घातलेली मर्यादा. बसमधल्या गोंगाटावर मात करताना ती कधी ओलांडली जाते, ते कळतही नाही. त्याला उपदेश केला असता तर त्याने दुसऱ्या कानाने सोडून दिला असता. म्हणून मी दोन्ही कान बुजवणारा दिला. आवाज निम्म्यावर आणला तरी सगळं ऐकू येतं, हे त्याचं त्यालाच सापडलं. रस्ता ओलांडताना मात्र तो काढायचा, एवढं कबूल करून घेतलं आहे.

रात्री निजानीज झाल्यावर खाँसाहेबांचा मारवा लावला. १९६० ची तबकडी. पहिल्यांदा काहीच घडलं नाही, नुसता तंबोरा वाजत होता. मग त्याच्या तारांच्या मागे दुसरा एक बारीक सूर, त्याच्या मागे आणखी एक, असं काहीतरी उलगडत जायला लागलं. डॉक्टरांच्या पेन्सिलीतला तो गोल अजून पुरता रिकामा झालेला नव्हता. मी डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात आमच्या हिने खांदा हलवला.

“अहो, रडताय की काय?”

मी डावा इअरफोन काढून तिच्या कानात घातला. तिने थोडा वेळ ऐकलं. मग काही न बोलता माझ्या उजव्या कानातला काढून घेतला, आणि म्हणाली, “यात माणिकताई लावता येतात का हो?”

त्याला आता तीन महिने झाले. इअरफोन घरात आहे, पण त्याचा पत्ता बदलला आहे. टोपडी दोन्ही बाजूंना लहान मापाची लागली आहेत. परवा गॅसवर दूध होतं, ही खिडकीशी पाठमोरी बसून मान डोलावत होती, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून तीनदा हाक मारली, “अगं, ऐकलंस का?”

दूध मीच उतरवलं.